दम्याशी ओळख

'दमा' हा शब्द तुम्हांला नवीन नाही. उर्दूतही दमा आणि मराठीतही दमाच! दोन्ही भाषांत 'दम' म्हणजे श्वास. जिना चढून आल्यावर आपण म्हणतो, "थांब, जरा दम घेऊ दे." घाई करणाऱ्याला म्हणतो, "दम धर." ज्या आजारात माणसाला हा दमच पुरत नाही, तो दमा.

तुमच्या वर्गात, शेजारी किंवा कदाचित तुमच्याच घरी दमा असलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. त्याला रात्री खोकल्याची उबळ येते. खेळताना धाप लागते. कधीकधी तो शाळेत येत नाही. आल्यावर तो काही बोलत नाही आणि आपणही विचारत नाही. दम्याचे औषध दुकानात मिळते. पण त्या आजाराची माहिती दुकानात मिळत नाही. ती शिकावी लागते आणि शिकवावी लागते. या पाठात आपण तीच माहिती घेणार आहोत.

आधी आपला श्वास कसा चालतो ते पाहू. आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा श्वास घेतो. म्हणजे एका दिवसात २० हजारांहून अधिक वेळा! नाकातून आत गेलेली हवा श्वासनलिकेत उतरते. पुढे या नलिकेला दोन फाटे फुटतात. एक उजव्या फुप्फुसात जातो, दुसरा डाव्या फुप्फुसात. तेथे त्यांना आणखी फांद्या फुटतात आणि त्या बारीक होत जातात. एखादे झाड उलटे धरावे तसे हे चित्र दिसते. सगळ्यांत बारीक फांद्यांच्या टोकांना हवेच्या लहान लहान पिशव्या असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. तेथे हवेतील प्राणवायू रक्तात मिसळतो.

दम्यामध्ये बिघाड होतो तो या फांद्यांमध्ये, म्हणजे श्वासवाहिन्यांमध्ये. तेथे तीन गोष्टी घडतात. श्वासवाहिन्यांच्या आतील अस्तराला सूज येते. त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात. आणि आत चिकट कफ साठतो. त्यामुळे वाट अरुंद होते. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक जड जाते. अरुंद वाटेतून हवा जाऊ लागली, की छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. यालाच आपण छाती घरघरणे म्हणतो.

हे कसे वाटत असेल? एक छोटा प्रयोग करून पाहा. मात्र ज्यांना दम्याचा किंवा श्वासाचा कोणताही त्रास आहे, त्यांनी तो करू नये. शरबत पिण्याची एक बारीक नळी घ्या. नाक चिमटीत धरा आणि अर्धा मिनिट फक्त त्या नळीतून श्वास घ्या. बसल्या जागीही जीव घाबरा होतो, नाही का? नको वाटले, की तुम्ही नळी काढून टाकता. दमा असलेल्या मुलाला ती नळी काढून टाकता येत नाही. म्हणून त्याला "नाटक करतोस" असे कधीही म्हणू नये.

दमा कशामुळे उफाळतो? प्रत्येकाचे निमित्त वेगळे असते. कोणाला धुळीचे वावडे असते. अंथरूण, उशी, गालिचा यांत डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव राहतात. कोणाला त्यांचा त्रास होतो, तर कोणाला झुरळांचा किंवा मांजरीच्या केसांचा. पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि बुरशी धरते. तीही एक निमित्त ठरते. सर्दी-पडसे हे तर फारच नेहमीचे निमित्त आहे. विडी-सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, उदबत्ती, लोबान, डासांसाठी लावलेली कॉइल, फटाके, ताजा रंग, उग्र अत्तर, यांपैकी काहीही चालते श्वासवाहिन्यांना डिवचायला. आपल्या दम्याला काय डिवचते हे ज्याने ओळखले, त्याने अर्धी लढाई जिंकली. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा : दमा संसर्गजन्य नाही. तो शेजारी बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने किंवा हात मिळवल्याने होत नाही.

जगात हा आजार किती लोकांना आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या एका वर्षात ४ लाख ५५ हजार माणसे दम्याने दगावली. मुलांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत दमा सर्वांत जास्त आढळतो. यातले बहुतेक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. तेथे कित्येकांचा आजार ओळखलाच जात नाही आणि ओळखला तरी पुरते उपचार होत नाहीत. म्हणजे औषध ठाऊक असूनही माणसे दगावतात. ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

रुग्णाला त्याच्या आजाराची माहिती द्यावी, हा विचार काही आजचा नाही. मूसा बिन मैमून हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. ते स्पेनमधील कुर्तुबा शहरात जन्मले आणि पुढे इजिप्तमध्ये नामांकित हकीम झाले. इ. स. ११९० च्या सुमारास त्यांनी दम्यावर अरबी भाषेत एक पुस्तक लिहिले. ते एका प्रतिष्ठित रुग्णासाठी लिहिलेले होते. काय खावे, किती खावे, झोप कशी असावी, हवा कशी असावी, हे सारे त्यांनी त्यात समजावून सांगितले. शहराची हवा आणि मोकळ्या रानातील हवा यांत गढूळ पाणी आणि निर्मळ पाणी यांच्याइतका फरक असतो, असे त्यांचे मत होते. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या हकिमाला एक गोष्ट नेमकी कळली होती. वैद्य रुग्णाजवळ थोडा वेळ असतो. बाकीचा सारा वेळ रुग्णाला स्वतःलाच स्वतःची काळजी घ्यावी लागते.

आता एका मुलीच्या प्रश्नाची गोष्ट ऐका. १९५५ साली अमेरिकेत एका १३ वर्षांच्या मुलीला दमा होता. त्या काळी दम्याचे पातळ औषध काचेच्या भांड्यात भरत. त्याला जोडलेला रबरी फुगा हाताने दाबत आणि उडणारे तुषार श्वासाबरोबर आत घेत. हे साधन नाजूक होते. ते सहज फुटे आणि दर वेळी औषधाचे प्रमाणही सारखे राहत नसे. त्या मुलीने वडिलांना विचारले, "केसांवर मारायचा फवारा जसा डब्यात मिळतो, तसे माझे औषध का मिळत नाही?" तिचे वडील जॉर्ज मेसन हे रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख होते. त्यांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. कंपनीतील संशोधक कामाला लागले आणि १९५६ मध्ये ठरावीक मात्रेत औषध सोडणारा पहिला इनहेलर बाजारात आला. आज जगभर कोट्यवधी लोक ज्याला 'पंप' म्हणतात, तो असा एका मुलीच्या प्रश्नातून जन्मला.

या पंपाविषयी आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. "पंपाची सवय लागते," "पंप म्हणजे शेवटचा उपाय," असे लोक म्हणतात. खरे काय आहे ते हिशोबानेच पाहू. सालब्युटामॉल हे श्वासवाहिन्या मोकळ्या करणारे औषध आहे. त्याच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम औषध असते. पंपाच्या एका फवाऱ्यात असते फक्त १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत ४० फवाऱ्यांइतके औषध झाले! गोळी पोटात जाते आणि रक्तावाटे सर्व शरीरभर फिरते. फवारा थेट फुप्फुसांत जातो. म्हणून थोडे औषध पुरते आणि काही मिनिटांतच आराम पडतो. चष्मा लावल्याने जशी डोळ्यांना 'सवय' लागत नाही, तशीच पंपाचीही लागत नाही.

पण पंप दोन प्रकारचे असतात, हे ठाऊक हवे. पहिला झटपट आराम देणारा. तो आवळलेले स्नायू सैल करतो. दुसरा त्रास होऊच नये म्हणून घ्यायचा. तो आतील सूज हळूहळू उतरवतो. त्याचा गुण लगेच दिसत नाही, म्हणून पुष्कळ मुले तो मध्येच सोडून देतात. ही मोठी चूक होय. सूज तशीच राहिली, तर केव्हातरी मोठा झटका येतो. दम्यावर काम करणारी 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा', म्हणजे 'गिना', ही तज्ज्ञांची संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. २०१९ मध्ये तिने स्पष्ट सांगितले, की मोठी माणसे आणि १२ वर्षांवरील मुले यांनी केवळ झटपट आराम देणाऱ्या औषधावर विसंबून राहू नये. सूज उतरवणारे औषधही त्यांच्या उपचारात असलेच पाहिजे. काही नव्या पंपांत दोन्ही औषधे एकत्र असतात. आपल्याकडे कोणता पंप आहे, तो कशासाठी आहे आणि केव्हा घ्यायचा, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. नुसत्या रंगावरून ओळखू नये, नाव वाचावे. रमजानच्या महिन्यात औषधाच्या वेळा बदलायच्या असतील, तर तो महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. दिवसातून दोनदा घ्यायचे औषध सहरी आणि इफ्तारच्या वेळी घेता येते. पण स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये.

पंप वापरण्याचीही एक रीत आहे. ती चुकली, तर औषध घशातच अडकते. पंप आधी चांगला हलवावा. श्वास सावकाश बाहेर सोडावा. पंपाचे तोंड ओठांत घट्ट धरावे. मग श्वास आत घ्यायला सुरुवात करताच पंप एकदा दाबावा आणि हळूहळू खोल श्वास घेत राहावे. नंतर १० अंक मोजेपर्यंत श्वास रोखून धरावा. सूज उतरवणारे औषध घेतल्यावर चूळ भरावी.

दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ लहान मुलांना जमत नाही. त्यांच्यासाठी 'स्पेसर' नावाचे साधन असते. ही एक पोकळ नळी असते. पंप एका बाजूला बसवतात आणि दुसऱ्या बाजूने मूल सावकाश श्वास घेते. मोठ्यांनाही स्पेसरचा फायदा होतो. तो विकत घेणे सर्वांना परवडत नाही. म्हणून दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या डॉक्टरांनी एक युक्ती करून पाहिली. त्यांनी ५०० मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली घेतली. तिच्या बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढे भोक पाडले आणि भोवतीची फट बुजवली. दम्याचा झटका आलेल्या मुलांवर त्यांनी ही बाटली आणि विकतचा स्पेसर यांची तुलना केली. बाटलीचा गुण विकतच्या स्पेसरइतकाच आला! हे संशोधन १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. अर्थात असा स्पेसर करायचा असेल, तर डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखवूनच वापरावा.

आता दमा असलेल्या मुलांना शिकण्यासाठी कोणती साधने आहेत ते पाहू. पहिले साधन म्हणजे 'पीक फ्लो मीटर'. ही एक छोटी नळी असते आणि तिच्यावर आकडे असतात. खोल श्वास घेऊन तिच्यात एकदम जोराने फुंकायचे. काटा जेथे थांबेल तो आकडा वाचायचा. असे तीनदा करायचे आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. तापमापक जसा ताप दाखवतो, तसे हे साधन श्वासाची वाट किती मोकळी आहे ते दाखवते. कित्येकदा त्रास जाणवण्याआधीच आकडा खाली येतो आणि आपण सावध होतो.

दुसरे साधन म्हणजे दम्याची रोजनिशी. एका साध्या वहीत तारीख, सकाळ-संध्याकाळचा आकडा, रात्री खोकला आला का, औषध घेतले का आणि त्या दिवशी काय विशेष घडले, हे लिहायचे. महिनाभराने ती पाने चाळली, की आपले निमित्त आपल्यालाच सापडते. "घरात झाडलोट झाली त्या दिवशी त्रास झाला," "पाऊस सुरू झाल्यावर आकडा उतरला," असे धागे जुळू लागतात. डॉक्टरांनाही या वहीचा फार उपयोग होतो.

तिसरे साधन म्हणजे तीन रंगांचे कार्ड. हे डॉक्टर भरून देतात. रस्त्यावरच्या सिग्नलचे रंग तुम्हांला ठाऊक आहेतच. येथेही तेच आहेत. समजा, एखाद्या मुलीची तब्येत उत्तम असताना तिचा सर्वांत चांगला आकडा ३०० आहे. त्याचे ८० टक्के म्हणजे २४० आणि ५० टक्के म्हणजे १५०. आकडा २४० किंवा त्याहून जास्त असेल, तर हिरवा रंग : सर्व ठीक, रोजचे औषध चालू ठेवा. तो १५० ते २४० यांच्या दरम्यान असेल, तर पिवळा रंग : सावध व्हा, कार्डावर लिहिलेले जादा औषध घ्या. तो १५० च्या खाली गेला, तर लाल रंग : औषध घ्या आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जा. ज्यांच्याकडे मीटर नाही, त्यांच्या कार्डावर आकड्यांऐवजी लक्षणे लिहिलेली असतात. लहान भावंडांनाही हे रंग समजतात.

पण कार्डावरचे अक्षर घरात कोणी वाचू शकले नाही, तर त्याचा उपयोग काय? येथे तुमचे काम सुरू होते. दवाखान्यातील कागद बहुधा इंग्रजीत किंवा मराठीत असतो. घरी अम्मी किंवा दादी उर्दू वाचतात. तुम्हांला दोन्ही भाषा येतात. मग कार्डावरील सूचना सुंदर अक्षरांत उर्दूत लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. आणि दवाखान्यात गेल्यावर आपला त्रास मराठीत नीट सांगायला शिका. 'साँस फूलना' म्हणजे धाप लागणे. 'खाँसी' म्हणजे खोकला. 'सीना जकडना' म्हणजे छाती आवळल्यासारखी वाटणे. 'बलगम' म्हणजे कफ. "डॉक्टरसाहेब, माझ्या भावाला पहाटे खोकला येतो, धावल्यावर धाप लागते आणि छाती घरघरते," एवढी तीन वाक्ये बरोबर सांगता आली, तर डॉक्टरांचे अर्धे काम सोपे होते. भाषा अशी उपयोगी पडते.

शाळेनेही पुष्कळ करता येते. अमेरिकेत ८ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी 'ओपन एअरवेज' हा अभ्यासक्रम आहे. त्यात प्रत्येकी ४० मिनिटांचे सहा पाठ असतात. चित्रे, गोष्टी आणि खेळ यांतून मुले आपला दमा ओळखायला शिकतात.

ऑस्ट्रेलियात याहून निराळा प्रयोग झाला. त्याचे नाव 'ट्रिपल ए', म्हणजे किशोरवयीन मुलांची दम्याविरुद्ध कृती. येथे शिकवणारी मुलेच असतात. अकरावीतील काही मुलांना आधी प्रशिक्षण देतात. ती मुले दहावीच्या वर्गात जाऊन खेळ, चर्चा आणि चित्रफिती यांतून दम्याची माहिती देतात. मग दहावीची मुले छोट्या नाटुकल्या व गाणी रचून सातवीच्या मुलांसमोर सादर करतात. याचा खरोखर उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी ग्रामीण भागातील सहा शाळांत तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या शाळांत कार्यक्रम झाला, तेथे दमा असलेल्या मुलांचे रोजचे जगणे सुधारले आणि त्यांची शाळेतील गैरहजेरी कमी झाली. पुढे जॉर्डन देशातील इरबिद शहराच्या शाळांतही हा कार्यक्रम राबवला गेला. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तेथील मुलांचे दम्याविषयीचे ज्ञान वाढले आणि सिगारेटला 'नाही' म्हणण्याचे बळही वाढले.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. आपल्या वयाच्या मित्राने सांगितलेले आपण लवकर ऐकतो. आणि सगळ्या वर्गाला माहिती असली, की पंप दप्तरात लपवून ठेवण्याची गरज उरत नाही. लाज वाटते म्हणून वेळेवर पंप न घेणे जिवावर बेतू शकते. म्हणून जो मुलगा मित्राच्या पंपाची टिंगल करतो, तो नकळत त्याच्या जिवाशी खेळत असतो.

दमा असलेल्याने खेळू नये, हा आणखी एक गैरसमज. अमेरिकेच्या जॅकी जॉयनर-कर्सी यांना दमा होता. आपल्याला धावू देणार नाहीत, या भीतीने सुरुवातीला त्यांनी तो इतरांपासून लपवला होता, हे पुढे त्यांनीच सांगितले. नंतर त्यांनी आजार नीट समजून घेतला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सात क्रीडाप्रकारांच्या 'हेप्टॅथलॉन' स्पर्धेत त्यांनी ७२९१ गुण मिळवून विश्वविक्रम केला. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ यांनाही लहानपणापासून दमा होता. २००३ मध्ये लंडनची मॅरेथॉन त्यांनी २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत जिंकून महिलांचा नवा विश्वविक्रम केला. दमा आटोक्यात असेल, तर खेळता येते. खेळण्याआधी थोडा हलका व्यायाम करून अंग तापवावे आणि पंप जवळ ठेवावा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. वर्गात कोणाला दम्याचा झटका आला, तर काय कराल? घाबरू नका आणि भोवती गर्दी करू नका. त्याला एकटे सोडू नका. त्याला आडवे करू नका, ताठ बसवा. खिडकी उघडा. एकाने धावत जाऊन शिक्षकांना बोलवावे. त्याच्या कार्डावर डॉक्टरांनी लिहिले असेल तसे करावे. कार्ड नसेल, तर ऑस्ट्रेलियात शिकवली जाणारी 'चार-चार-चार'ची रीत लक्षात ठेवा. झटपट आराम देणाऱ्या पंपाचे चार फवारे द्यायचे, एका वेळी एकच. स्पेसर असेल, तर प्रत्येक फवाऱ्यानंतर त्यातून चार श्वास घेऊ द्यायचे. मग चार मिनिटे थांबायचे. आराम पडला नाही, तर पुन्हा चार फवारे. तरीही फरक नसेल, तर रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत हेच चालू ठेवायचे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे. त्याला एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा श्वास घेताना मान आणि बरगड्या ओढल्या जात असतील, तर वाट पाहू नका. तत्काळ मदत बोलवा.

दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी 'जागतिक दमा दिन' असतो. १९९८ पासून तो पाळला जातो. त्या वेळी आपल्या शाळांना सुट्टी असते. पण जूनमध्ये शाळा उघडतात आणि तेव्हाच पाऊस, ओल आणि सर्दी-पडसेही सुरू होते. तेव्हा आपल्या वर्गाचा दमा दिन जूनमध्येच करा. एका गटाने श्वासवाहिन्यांचे उलटे झाड काढावे. दुसऱ्याने तीन रंगांचा तक्ता उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत तयार करावा. तिसऱ्याने 'चार-चार-चार'ची नाटुकली बसवावी आणि खालच्या वर्गात करून दाखवावी. आणि तुमच्या वर्गात दमा असलेला मित्र असेल, तर त्यालाच विचारा, "तुझा पंप कुठे ठेवलेला असतो? वेळ आली तर आम्ही काय करावे?" हा प्रश्न आजच विचारा. झटका आल्यावर उत्तर द्यायला त्याच्याजवळ दम नसेल.